टिपणीसबाई आणि त्यांच्या उंदरिणी

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत धुळवडीला थंडाईचं पातेलं उघडलं की आधी टिपणीसबाई त्यात नाक घालतात. त्यांचं हुंगून झालं की मगच गरोदर बायकांना पेला मिळतो. जिन्यात कोणी दिवस गेलेली भेटली, तर कितवा महिना हे त्या विचारत नाहीत. थेट म्हणतात, "भांग, गांजा, तसलं काही पोटात गेलं नाही ना?" माझ्या मधुराला तर त्यांनी तिच्या सासूबाईंदेखत हे विचारलं. विहीणबाईंनी आमच्याबद्दल काय समज करून घेतला असेल, कोण जाणे.

मधुराला मात्र हसू आलं. उलट्यांनी हैराण झाली म्हणून तिसऱ्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. आली माझ्याकडे, पण दुपारभर बसायची समोर टिपणीसबाईंच्या घरात. माझा मऊ भात तिला नकोसा व्हायचा. त्यांच्याकडचं कोरडं बिस्किट मात्र पोटात राहायचं.

बाई निवृत्त होईपर्यंत मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळत. "माझ्या उंदरिणी" म्हणतात, माहेरवाशिणींबद्दल बोलावं तसं. गाभण उंदरिणींना गांजाचा अर्क द्यायचा आणि पुढे पिल्लांचे मेंदू तपासायचे, असं ते काम. जेवताना मधुरा मला ते ऐकवायची. "काकू म्हणतात, पिल्लं वरून अगदी सारखी दिसायची. पण मेंदूत निरोप नेणारी रसायनं असतात ना, त्यांचं प्रमाण बदललेलं असायचं."

आमटी कशी झालीय, हे काही ती सांगत नव्हती.

एके दिवशी आपट्याहून माझ्या वन्संनी काळपट गोळ्यांची डबी पाठवली. चिमूटभर भांग असते, पण उलट्या थांबतात, असा निरोप होता. मी ती मधुराला दिली. भांगेचं मला ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा तरी तिला माझ्या हातून बरं वाटावं, असं फार वाटत होतं.

संध्याकाळी डबी घेऊन टिपणीसबाई दारात उभ्या.

"तिनं एकही घेतलेली नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारा. उलट्यांवर या दिवसांत चालणारी औषधं त्यांच्याकडे असतात."

"माझी मुलगी आहे ती," मी म्हटलं. "तुमची नाही."

त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "जयेशच्या वेळी माझ्या सासूबाईंनी मला हेच दिलं होतं. रोज."

जयेश त्यांचा एकुलता एक. तो ना नोकरीत टिकतो ना घरात, एवढं सोसायटीला माहीत होतं.

"म्हणून तो असा झाला?"

"कुणास ठाऊक. उंदरांचं सांगता येतं. त्याचं नाही सांगता येत मला."

मी बाजूला झाले, त्यांना आत बसवलं. "त्याला सांगितलंत हे?"

"मागे विचारत होता, आई, बाकी इतक्या नोकऱ्या असताना तू उंदरांकडेच का गेलीस." त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "म्हटलं, मला उंदीर आवडतात."