थेंब मोजणारा यासीनचाचा

यासीनचाचाच्या मनगटावरचं घड्याळ वेळ पाहायला नाही, थेंब मोजायला आहे. आमच्या शाळेचा नळ गळताना दिसला की चाचा तिथेच उभा राहणार, मिनिटाला किती पडतात ते मोजणार आणि मान हलवणार. एकदा दवाखान्यात त्याला सलाईन लावली, तर यानं नर्सबाईलाच ऐकवलं की ग्लँड ढिली झाली, जरा कसा. बाईंनी मला विचारलं, हे तुमचे कोण? काय सांगणार, कप्पाळ!

चाचा उमरखेडचा, जिनिंगमधला फिटर. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं आणि हा गडी धरणावर मच्छीमार सोसायटीच्या नावेवर आला. नाव म्हणजे कोकणातून लिलावात आलेली जुनी शिडाची होडी, पोटात लहानसं डिझेल इंजिन. इंजिनाचा दांडा बुडातल्या भोकातून बाहेरच्या पंख्यापर्यंत जातो. त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून दांड्याभोवती चरबी लावलेली सुती दोरी ठासायची, वरून नट आवळायचा. ही ग्लँड. दोरी चाचा स्वतः वळतो, इथल्याच कापसाच्या सुताची. "कापसानं मुलूख बुडवला म्हन्ते लोकं," तो म्हणतो, "मी कापसानंच नाव तारून राह्यलो."

पण नट पुरता आवळायचा नाही, हे त्याचं शास्त्र. इंजिन चालताना मिनिटाला चार-पाच थेंब आत पडलेच पाहिजेत, त्यानंच दांडा थंड राहतो. "ज्या मशीनले पसीना नाही, ते काम नाही करून राह्यली."

घोडं पेंड खातं ते इथंच. पाण्यापलीकडच्या तांड्यातल्या सहा पोरी सातवीनंतर घरी बसल्या होत्या. आठवी आमच्या शाळेत आणि रस्त्यानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस. मी म्हटलं, चाचाची नाव आहे की. तांड्याचे नायक नाव पाहायला आले, बुडात वाकून पाहिलं आणि सरळ झाले. "मास्तर, नाव गळते. पोरी नाही धाडत." चाचानं पसीन्याचं पुराण लावलं, पण नायक हटेनात. आधी थेंब बंद करा, मग बोलू.

मलाही राग आला तो चाचाचाच. चार थेंबांपायी सहा पोरींची शाळा अडवतो म्हणजे काय! मी त्याला नाही नाही ते बोललो. चाचानं मुकाट्यानं पाना घेतला, नट कचकचून आवळला आणि आम्हा दोघांना बसा म्हणाला. थेंब बंद, नायक खूश. पाण्याच्या मध्यावर जळक्या चरबीचा वास आला, मग धूर. चाचानं इंजिन बंद केलं, नायकांचा हात धरून नटाजवळ नेला. नायकांनी चटका बसताच हात मागे ओढला. मी तर देवाचा धावा सुरू केला होता. चाचानं शीड चढवलं आणि वाऱ्यावर आम्हाला गुमान काठाला आणलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं जळकी दोरी आकड्यानं उकरून काढली, नवी भरली, नट बेतानंच बसवला आणि इंजिन सुरू केलं. नायक त्याचं घड्याळ हातात घेऊन शेजारी बसले होते. पाच, ते म्हणाले, बराबर हाये का? चाचानं मान डोलावली. सोमवारी सहाही पोरी नावेत होत्या आणि नायकांची नात सगळ्यांत पुढे.

पोरी शाळेकडे पळाल्यावर मी चाचाजवळ गेलो, जरा लाजतच. विचारलं, तुम्ही नायकांवर चिडला कसे नाहीत? तो फडक्यानं दांडा पुसत होता.

"मी बी तसाच बाप होतो, मास्तर. माह्या शबानाले सातवीतूनच काढलं. शाळा दूर, रस्ता सुना. पोरगी लय रडली. मी भेलो, अजून काय."

शबाना आता उमरखेडला सासरी असते, दोन लेकरांची आई. पुसून झालं तरी चाचा दांडा पुसतच राहिला. मग वर न पाहता म्हणाला, "घरून दहावी द्याले सतरा नंबरचा फॉर्म भेटते म्हन्ते. तिच्या वयाले चालते काय?"

चालतो, मी म्हटलं, उद्याच आणतो.

"मंग दोन आनजा, मास्तर. एक माह्या तेलकट हातानंच काळा होईन."