कृपया डोळे मिटून ऐका

थिया हाल्वर्सन दोन रात्री झोपली नव्हती, आणि आता तिला चाळीस मिनिटे बोलून एवढेच पटवून द्यायचे होते की माणूस रात्रभर जागा राहू शकतो.

तिच्या पीएचडीचा विषय होता टिनकप तळे. उत्तर मिनेसोटातले हे तळे डिसेंबरात गोठते, आणि गोठताना रात्रभर बोलते. कधी लांबलचक हुंकार, कधी तार तुटावी तसा झणत्कार, तर कधी नुसता एक उसासा. यंत्राला हे आवाज टिपता येतात, ऐकता येत नाहीत, असे थियाचे म्हणणे. म्हणून संपूर्ण हिवाळा तळ्याकाठच्या लाकडी झोपडीत राहायचे आणि रात्र रात्र स्वतःच्या कानांनी ऐकायचे, असा तिचा बेत होता. तळे तीन आठवड्यांत गोठणार होते. आज तीन परीक्षकांच्या सह्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर तळे तिच्याशिवाय गोठून मोकळे होणार आणि ही वर्षभर वाट बघत बसणार.

दर शुक्रवारी तीन वाजता विभागात व्याख्यान असे. बोलणाऱ्यानेच खाऊ आणायचा, ही तिथली रीत. थिया लिंबाच्या वड्यांचा ट्रे मांडत होती, तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक आणि तिघांतल्या पहिल्या परीक्षक लेनोर ऑक्री जवळ आल्या.

"प्रिबिलकडे बघून बोलू नकोस. त्याला एकच शंका आहे."

"कोणती?"

"की तू तिकडे जाऊन झोपशील."

"मी झोपणार नाही, लेनोर."

"तुझ्या स्वेटरची बटणं वरखाली लागलीयेत, बाळ."

डुएन प्रिबिल हे दुसरे परीक्षक. जे मोजता येत नाही ते त्यांना पटत नसे, आणि मोजता आले तरी ते पुन्हा मोजायला सांगत. तिसरे ऑरिन ट्वेट, वय एक्क्याऐंशी, निवृत्त. गेली वीस वर्षे ते दर शुक्रवारी पहिल्या रांगेत बसून गाढ झोपत आणि दिवे लागले की जागे होऊन असा नेमका प्रश्न विचारत की बोलणारा आपलेच कागद पुन्हा चाळू लागे.

पहिली तेरा मिनिटे थिया छान बोलली. मग म्हणाली, "आता तीन मिनिटं आपण तळंच ऐकू या. दिवे मालवते. कृपया डोळे मिटून ऐका. संपलं की मी सांगेन."

इथे तिच्या हातून दोन चुका झाल्या. तीन मिनिटांच्या तुकड्याऐवजी तिने लावली ती गेल्या हिवाळ्यातली आख्खी रात्र. नऊ तासांची. आणि सगळ्यांबरोबर आपणही ऐकावे म्हणून ती खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले.

खोलीत आधी शांतता पसरली. मग कुठून तरी, फार लांबून, बर्फाने एक हुंकार दिला.

थियाला वाटले, आपण तळ्यावरच उभ्या आहोत. बर्फ दुधासारखे होते. तिन्ही परीक्षक खुर्च्यांसकट त्यावरून हलकेच घसरत चालले होते, आणि ती बोलत होती, काय सुंदर बोलत होती! प्रिबिल घसरता घसरता मान डोलावत होते. कुणी काही मोजत नव्हते.

इकडे खोलीत सगळे डोळे मिटून बसले होते. त्यातले बहुतेक लहानपणापासून रविवारी चर्चला जाणारे. मूक प्रार्थना चालू असताना 'आमेन' ऐकल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हे त्यांच्या हाडामांसात रुजलेले. आमेन म्हणायची ती मुलगीच झोपली होती.

सात मिनिटांनी लेनोरबाईंनी एक डोळा किंचित उघडला. समोर त्यांची विद्यार्थिनी, निश्चल, चेहऱ्यावर अपार शांती. 'केवढी तल्लीन झालीय, आणि मी मात्र चुळबुळतेय,' असे वाटून त्यांनी शरमेने डोळा मिटला. दहाव्या मिनिटाला प्रिबिलनी घड्याळ पाहायला डोळा उघडला. लेनोर डोळे मिटून बसलेली. तिच्याआधी आपण कंटाळलो, असे दिसायला नको, म्हणून त्यांनीही मिटून घेतला. खोली उबदार होती. पोटात जेवण होते, वर लिंबाच्या वड्या. पडद्याबाहेर नोव्हेंबरची दुपार विझत चालली होती. पंधराव्या मिनिटाला पहिले घोरणे उमटले, पण ते बर्फाच्या आवाजात असे मिसळून गेले की कुणाला वेगळे ओळखता आले नसते.

तेवढ्यात विभागप्रमुख मर्ल गुस्टाफसन उशिरा आले. दार उघडून पाहतात तो अंधार, झुकलेल्या माना, मिटलेले डोळे. त्यांच्या काळजात चर्र झाले. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि दाराशीच मान खाली घालून उभे राहिले. उभे राहिले ते राहिलेच.

बरोबर चारला दहा कमी असताना कुणीतरी उठून दिवे लावले. ऑरिन ट्वेट.

"प्रश्न," ते म्हणाले.

"हो, अगदी बरोबर," थिया डोळे उघडायच्या आधीच म्हणाली. मग तिने डोळे उघडले.

माना वर झाल्या. घसे खाकरले गेले. मर्ल दाराशीच हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं. कोण गेलं?"

"कुणी नाही, मर्ल. बस खाली," लेनोर म्हणाल्या. मग मान ताठ करून, "मला वाटतं, एवढी दीर्घ शांतता ठेवणं हे धाडसाचं होतं."

"पद्धत म्हणूनही विचार करायला लावणारं," प्रिबिल म्हणाले. त्यांच्या गालावर स्वेटरच्या बाहीची वीण उमटली होती.

थियाने घड्याळ पाहिले. नुसते 'धन्यवाद' म्हटले असते तर भागले असते. सह्या झाल्या असत्या. पण आईने तिला खोटे बोलायला शिकवलेच नव्हते, आणि आता शिकायला उशीर झाला होता.

"मी... मी झोपले होते," ती म्हणाली.

त्या खोलीत वीस वर्षांत असे वाक्य कुणी उच्चारले नव्हते.

"झोपली होतीस!" प्रिबिलना जोर चढला. "तीन मिनिटं जागता आलं नाही, तिथं आख्खा हिवाळा? माझी शंका तीच होती. मी नाही सही करणार."

थियाच्या डोळ्यांपुढे ते तळे उभे राहिले. किती हळू, किती जपून गोठत होते ते. एकटेच.

"झोपडीत खाटा किती?" ट्वेटनी विचारले.

"दोन."

"मग रात्री मी ऐकेन. सकाळी तुला सांगेन. तू लिही, आणि रात्री झोप पोरी, नीट झोप."

"ऑरिन, तू?" लेनोरना हसू आवरेना. "वीस वर्षं इथं घोरतोयस!"

"इथं माणसं बोलतात गं," ट्वेट म्हणाले. "आज कुणी बोलत नव्हतं. मी पूर्ण वेळ जागा होतो."

"एका म्हाताऱ्याच्या कानांवर संशोधन उभं करायचं?" प्रिबिल म्हणाले. "प्रमाण काय याला?"

"तू आहेस की. तूही ऐकलंस," ट्वेट सौम्यपणे म्हणाले. "तो अकरावा आवाज कसा वाटला तुला?"

प्रिबिलनी चष्मा नीट केला. "अकरावा... हो. लक्षवेधी होता. दहाव्यापेक्षा जरा खोल."

"सातच झाले, डुएन."

ध्वनिमुद्रण अजून चालूच होते, त्याचे आठ तास उरले होते, आणि नेमके तेव्हाच त्या तळ्याने एक लांब, समाधानी उसासा टाकला.

"हा आठवा," ट्वेट म्हणाले.

प्रिबिल घाईघाईने सगळे खिसे चाचपून सहीसाठी पेन शोधू लागले. पेन त्यांच्या हातातच होते.