पाळण्याला बांधलेला माईक

सिद्धी झोपली, की संध्या चोरपावलांनी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायची. राजाजीनगरातल्या त्या घरात कॉम्प्युटर आणि पाळणा एकाच खोलीत होते. त्यातला एक जरा काही झालं की बंद पडायचा आणि दुसऱ्यातलं माणूस जरा काही झालं की जागं व्हायचं.

बारशाला संध्याची आई नागपूरहून येऊ शकली नव्हती. जिन्यावरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसली होती. संध्यानं स्वतः रचलेला, स्वतःच चाल लावलेला पाळणा बारशात म्हटला, सगळ्यांनी ऐकला, आणि ज्या एका माणसासाठी तो रचला होता तेवढंच माणूस तिकडे पलंगावर पाय वर करून पडलं होतं. तेव्हाच संध्यानं ठरवलं, की टीव्हीवर दाखवतात तसं या गाण्याचं चित्रगीत करायचं आणि त्याची कॅसेट आईला पाठवायची. नवऱ्यानं, शंतनूनं, मित्राकडून आणलेलं व्हिडिओचं कार्ड कॉम्प्युटरात होतंच. चित्र त्यात घ्यायचं, कापायचं, जोडायचं, आणि तयार झालं की परत व्हीसीआरवर उतरवायचं. शेजारचे कृष्णाजीकाका लेकीकडे नागपूरला निघाले होते. कॅसेट हातात नेऊन देतो म्हणाले.

चित्राचं काम सिद्धीच्या झोपेझोपेतून पुरं झालं होतं. तिची जांभई तर संध्यानं तीन ठिकाणी वापरली होती, कारण दर वेळी ती नवीच वाटायची. राहिला होता तो आवाज. शेवटचं बटण दाबलं की एक खिडकी उघडायची आणि विचारायची: आवाज किती हर्ट्झचा हवा? आठ बिट की सोळा? मोनो की स्टिरिओ?

तिनं शंतनूला ऑफिसात फोन लावला.

"अगं, डिफॉल्ट ठेव ना. मी मीटिंगमध्ये आहे."

"डिफॉल्टला काहीच सिलेक्ट होत नाहीये."

"मग मीडियम ठेव."

मीडियम नावाचं त्या खिडकीत काही नव्हतं. शिवाय एकमेव हेडफोन शंतनू ऑफिसात घेऊन गेला होता आणि स्पीकर लावला तर पाळणा हलणार होता. म्हणजे आवाजाचं सगळं काम आवाज न करता करायचं होतं. ठीक आहे, संध्या मनाशी म्हणाली. तान्ह्या मुलीच्या आईला हे काही नवीन नाही.

पहिल्या झोपेत तिनं स्टिरिओ घेतला, पण आकडे सगळ्यात लहान निवडले. डिस्कवर जागा कमी होती, उगाच धोका नको. निळी पट्टी हळूहळू सरकत टोकाला गेली, कॅसेट तयार झाली आणि संध्यानं ती हॉलमध्ये आणून लावली. तिच्या सासूबाई, महानंदा, तिथं अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. घरच्या रिवाजाप्रमाणे संध्याही त्यांना अम्माच म्हणायची. टीव्हीतून संध्याचा आवाज आला तो पालथ्या घातलेल्या घागरीतून आल्यासारखा. अम्मांनी शेंगा सोलणं थांबवून, मान कलती करून, गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"स्वल्प खाली लागलाय सूर."

"ते मशीनचं आहे, अम्मा. बिट कमी पडले."

"असेल बाई. मला मशीनमधलं काय कळतंय."

हे त्या अशा काही म्हणाल्या, की बिट सुटले आणि दोष गाणारीवरच राहिला. लग्न होऊन आल्यापासून अम्मांचा हाच निकाल होता. दिवाळीत म्हटलेला अभंग स्वल्प खाली, हळदीकुंकवाचं गाणं स्वल्प खाली. स्वतः त्या मुलीपणी चांगल्या गायच्या म्हणे. आता फक्त इतरांचं खाली लागलेलं त्यांना ऐकू यायचं.

संध्यानं पदर खोचला. दुसऱ्या झोपेत तिनं सगळे आकडे सगळ्यात मोठे केले. सोळा बिट, स्टिरिओ, हर्ट्झही वरचे. पट्टी इतकी सावकाश निघाली, की तेवढ्यात तिनं कुकर लावून घेतला, लंगोट वाळत घातले, थोडं देवाचंही नाव घेतलं. पट्टी टोकाला टेकणार एवढ्यात कॉम्प्युटरनं पोटातून मोठ्यानं टुंग केलं. डिस्क भरली होती. गाणं गेलं ते गेलंच, वर सिद्धीही उठली आणि तिनं स्वतःचा आवाज पूर्ण हर्ट्झनं लावला. तिचा सूर मात्र अम्मांना कधीच खाली वाटला नव्हता.

तिला थोपटता थोपटता संध्यानं विचार केला. स्टिरिओचं मोनो केलं तर जागा निम्मी लागेल. आवाज सोळा बिटांचाच राहील, घागर नको. प्रश्न एकच होता. मोनो म्हटलं की खिडकी पुढे विचारायची: डावा की उजवा?

त्याचं असं झालं होतं. कॅमेरावाल्या मंजुनाथनं बारशाला दोन माईक लावले होते. एक संध्यासमोर, दुसरा पाळण्याच्या दांडीला बांधलेला, बाळाचा हुंकार आणि वाळे यावेत म्हणून. कॅमेऱ्यात एक डाव्या बाजूला जायचा, एक उजव्या. दोन्ही एकत्र ऐकताना पाळण्याकडचं सगळं गाण्याखाली झाकून जायचं. आता एकच ठेवायचा तर कुठला? संध्यानं चित्र नीट पाहिलं. ती डावीकडे बसली होती, पाळणा उजवीकडे. हे तर शाळेतल्या मुलालाही समजलं असतं. तिनं डावा निवडला.

तिसरी झोप लांबली. सिद्धी उठायच्या आत कॅसेटसुद्धा तयार झाली. ऐकून बघायला मात्र उसंत मिळाली नाही, कारण तोवर कृष्णाजीकाका कॅसेट न्यायला येऊन बसले होते आणि त्यांच्यासोबत नणंदबाई, अहल्याही, मल्लेश्वरमहून आली होती. अम्मांनी कॉफी टाकली. काका म्हणाले, न्यायचंच आहे तर एकदा बघूनच नेऊ.

टीव्हीवर गाण्याचं नाव आलं. सिद्धीनं जांभई दिली. मग संध्या दिसली, डोळे मिटलेले, एक हात हलकेच वर गेलेला. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून अहल्येचा आवाज आला.

"कुर्रर्र. सिद्धी. सिद्धी गं बाई."

आत्यानं बाळाच्या कानात सांगितलेलं नाव होतं ते. पाळण्याच्या दांडीनं टिपलेलं. सगळे हसले. संध्याला मात्र उठून ते बंद करायचं होतं, पण मांडीवर सिद्धी होती आणि रिमोट काकांच्या हातात होता. पडद्यावरची संध्या आता वरच्या सुराला भिडत होती आणि तिच्या मुखातून समोरच्या घरातल्या विठाबाई बाळाला समजावत होत्या, की नाक आजोबांवर गेलंय, पण काळजी करू नको, वाढताना बदलतं.

बारशाला एकेक बाई येते, पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटते आणि बाजूला होते. विठाबाई बाजूला झाल्या. बांगड्या वाजल्या. कुणीतरी वाकलं.

"माझी सकवार ती," असा आवाज आला. बाळाला सकवार हे पणजीचं नाव ठेवायचं अम्मांच्या मनात होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. "ऐकतेस ना? तुझी आई काय गोड गाते गं. मी नाही हं तिला सांगायची. चांगलं चांगलं म्हटलं की गाणारं माणूस तिथंच थांबतं. माझं झालं तसं. तूही सांगू नकोस."

मग एक पापी. मग वाळे.

कृष्णाजीकाकांनी घसा साफ केला.

"गाणं जरा नव्या पद्धतीचं दिसतंय."

अम्मा उठल्या. दूध उतू जातंय म्हणाल्या आणि आत गेल्या. गॅस केव्हाच बंद होता, कॉफी सगळ्यांच्या हातात होती. आतून भांडी उगाचच वाजली आणि मग आवाज आला, "ते मशीन काहीही बोलतं."

संध्यानं मंजुनाथला फोन लावला. तो निपाणीकडचा, मराठी चांगलं बोलायचा. त्याला प्रश्नच कळेना.

"अक्का, शुभ कार्य होतं. पहिली वायर उजवीकडेच घालणार ना मी? तुमचा माईक पहिला. डाव्यानं कुणी सुरुवात करतं का?"

काकांची गाडी उद्या सकाळची होती. संध्यानं सिद्धीला खांद्यावर टाकलं आणि परत त्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. उजवा निवडायचा, झालं. आईला गाणंच तर ऐकवायचं होतं. तिनं माऊस उजव्यावर नेला आणि तिथंच ठेवला.

डाव्यातलं ते वाक्य मग कुठं राहणार?

तिनं शंतनूच्या फायली उघडल्या. गाड्या पळवायचा एक मोठा गेम होता, त्यात तो राज्यातला पहिला आलेला होता असं त्याचं म्हणणं होतं. संध्यानं तो पुसला. सोळा बिट. वरचे हर्ट्झ. स्टिरिओ. तेवढ्यात अम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. संध्याकडे न बघता त्यांनी सिद्धीला तिच्या खांद्यावरून उचललं.

"मी घेते हिला बाहेर. तू स्पीकर लावून नीट ऐकून घे. या खेपेला आवाज सरी कर, अगदी बरोबर."

कॅसेट नागपूरला गेली. काका पोचल्याचं कळलं आणि त्यानंतर संध्या फोनच्या अवतीभवतीच वावरत राहिली. शेवटी आईचा फोन आला.

"पाहिली गं. पोरगी कशी गुणाची दिसते. जांभई तर काय. पण तू नुसतं तोंड हलवतेस."

"म्हणजे?"

"गाणं येतच नाही. तुझ्या दादानं टीव्हीला एकच वायर जोडलीये, दुसरी म्हणे सापडत नाही." दादानं जोडलेली वायर कुठली असणार, हे संध्याला विचारावंच लागलं नाही. इतक्या झोपा, इतके हर्ट्झ.

"विहीणबाईंचं मात्र सगळं ऐकलं," आई म्हणाली. "परत परत लावून ऐकलं. तुझं गाणं मी तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून ऐकते गं. हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. गाणं काय, पाय सुटला की येते आणि समोर बसून ऐकते."

संध्यानं फोन ठेवला. डोळे पुसले. स्वयंपाकघरात फोडणीतला झारा थांबला होता.

"काय म्हणतात विहीणबाई?" अम्मांनी आतूनच विचारलं. "आवडलं का गाणं?"

संध्यानं क्षणभर विचार केला.

"आवडलं म्हणाली. पण सूर स्वल्प खाली लागलाय म्हणाली."

झारा ओट्यावर आपटला. अम्मा पदराला हात पुसत थेट हॉलमध्ये आल्या.

"कोण म्हणतं खाली? कुठं खाली? पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एक सूर हलला नाही. मी पाळण्याशी उभी होते, मला विचार. असं गाणं या घरात मी अजून—"

आणि मग संध्याचा चेहरा बघून त्या थांबल्या. सिद्धीनं पाळण्यातून हुंकार दिला.

"मशीनचं असेल काही," अम्मा म्हणाल्या, आणि फोडणी करपतेय असं सांगून आत गेल्या. या खेपेला ती खरंच करपत होती.