वर्ग सतराव्या पानावर

कादंबरी लिहायला शिकायचं तर थोर कादंबरी वाचून भागत नाही, तिचा अभ्यास करावा लागतो. वाचताना माणूस गोष्टीत गुंततो आणि तंत्र निसटतं. हा धोका ओळखूनच बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या लेखनवर्गात एक अभिजात कादंबरी दोन वर्षं अभ्यासाला होती आणि वर्ग सतराव्या पानावर पोचला होता. (प्रगती समाधानकारक होती. आधीची तुकडी अर्पणपत्रिकेवरच उत्तीर्ण झाली.)

चष्म्याच्या दुकानाचे मालक हे या वर्गाचे सर्वांत निष्ठावंत विद्यार्थी. एक तरी कादंबरी लिहायची, ही त्यांची तरुणपणापासूनची हौस. सरांनी शिकवलं होतं, की थोर लेखकाची पात्रं विचारल्याला सरळ उत्तर देत नाहीत, मनातलं बोलत नाहीत, खिडकीबाहेर बघतात. तंत्र अंगवळणी पडावं म्हणून चष्मेवाल्यांनी घरीच सराव सुरू केला. दूध आणलं का, असं बायकोने विचारलं की ते खिडकीबाहेर बघत. आधी तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं, मग दूध स्वतःच आणायला लागली. दुकानातही गिऱ्हाइकाचा नंबर वाढला तर ते तसं सांगेनात, नुसतं सूचित करत. (गिऱ्हाइकं तीस टक्क्यांनी घटली. उरलेली रसिक होती.)

अशात एका दुपारी लेक सासरहून आली. बॅग भलीमोठी होती. "काही नाही... सहज आले," म्हणाली आणि चपला न काढताच सोफ्यावर टेकली.

चष्मेवाले हरखले. एवढी बॅग आणि वर 'सहज'! जे शिकायला ते पैसे भरत होते, ते घरबसल्या समोर आलं होतं. त्यांनी मनापासून दाद दिली, "त्या 'सहज'च्या आधी थांबलीस ना, ते फार जमून आलं."

लेक रडायला लागली. हे मात्र त्यांना खटकलं. रडणं म्हणजे उघड विधान. थोर लेखकाने इथे फक्त बॅगेचा पट्टा दाखवला असता. तसं तिला समजावणार, तोच बायको आतून आली.

"पोरगी घर सोडून आलीय. जवळ बसा तिच्या."

ते बसले. काय बोलावं, हे झालेल्या अभ्यासक्रमात नव्हतं. शेवटी त्यांनी "राहा तू. हे तुझंच घर आहे," असं कुठल्याही होतकरू लेखकाला लाज वाटेल इतकं सरधोपट वाक्य उच्चारलं. लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

आता काही दिवस वर्गाला जमणार नाही, असं त्यांनी सरांना फोन करून कारणासकट कळवलं. सरांनी तो प्रसंग वर्गात चर्चेला घेतला. शेवट हळवा आहे, बापाचं वाक्य काढून टाकावं, असं एकमताने ठरलं.

तुमचंही मत साधारण तेच पडलं असणार. लेकीला सासरी नेमकं काय झालं होतं, हे वर्गात कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. तेव्हा अवश्य या. एक खुर्ची रिकामी झाली आहे.