दादा घाग आणि नऊ सरदार

दादा घाग माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. ओळख करून दिली की त्यांची नजर खाली जाई, तुमच्या पायांवर, आणि तिथेच राही. समोरच्याला वाटे, चपलेला काहीतरी लागलंय. मग दादा मान वर करून निकाल देत, "पखालवाला." नाहीतर, "घोड्याला दाणा घालणारा." रत्नागिरीतल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांना त्यांनी भर लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं, "शत्रू गडावर चढला तरी तुम्ही घोरत सापडाल."

हा अपमान नव्हता. नेमणूक होती. आमचं मंडळ दरवर्षी शिवजयंतीला किल्ल्यावर शिवकाळातला एक प्रसंग उभा करी. समुद्रात शत्रूचं गलबत दिसतं, बुरुजावरून हाक येते, धावपळ, लढाई, जय. कोणी काय व्हायचं हे दादा ठरवत. ते पोफळीच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले, आता पालीला राहत आणि तालमीला एसटीने येत. तीस वर्षं मीटरचे काटे बघितलेला माणूस. काटा जरा हलला की त्यांना कळे.

अडचण एकच होती. प्रत्येकाला सरदार व्हायचं असे. एका वर्षी आमच्याकडे नऊ सरदार आणि दोन शिपाई होते, आणि ते दोन्ही शिपाई एकाच सरदाराचे मेहुणे होते. तेव्हापासून दादांनी परीक्षा सुरू केली.

"नाव?"

"सरदार."

"तो हुद्दा झाला. नाव सांग. गाव? घरी कोण कोण? काल काय जेवलास?"

बँकेतला एक उमेदवार घाबरून खरं बोलून गेला, "बटाटेवडा."

"मग काही वर्षांनी ये," दादा म्हणाले. "बटाटा अजून आपल्याकडे आलेला नाय."

चहा आलेला नव्हता, टेरिलिन आलं नव्हतं, रबरी चपला तर नव्हत्याच. एकाच्या मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा दिसला, तर त्याला उन्हात हात रापवायला गच्चीवर पाठवलं. चष्म्याशिवाय दोन हातांवरचं न दिसणाऱ्या एका शिक्षकांना त्यांनी रातांधळा शिपाई केलं. दोघांनी धरून त्यांना लढाईवर न्यायचं. त्या वर्षी सगळ्यांत खरे तेच वाटले, कारण ते खरोखर तटावर आपटले.

नवशिक्यांना दादांचं एकच सांगणं असे. "तुला काय व्हायचंय ते घरी ठेव. तुझ्या अंगाला काय जमतंय ते घेऊन ये."

मी या मंडळात गेलो तो भांडायला. मी वाढलो चळवळीच्या पत्रकांवर. माझ्या घरी देवघरापेक्षा सायक्लोस्टाइल यंत्राला जास्त तेल लागे. सरदारांच्या या कौतुकावर मी तालमीतच भाषण केलं. इतिहास घोड्यावर बसणाऱ्यांनी घडवला नाही, त्यांची ओझी वाहणाऱ्यांनी घडवला, हे मी हात वर करून सांगितलं. आजही मला ते शब्दशः मान्य आहे.

दादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग इतर सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा. एवढ्या वर्षांत स्वतःहून हमाल व्हायला आलेला हा पहिला माणूस."

मला वाटलं, पोत्यात पेंढा असेल. पोत्यात तांदूळ होता.

"पेंढा उचलणारा माणूस पेंढ्यासारखा चालतो," दादा म्हणाले. "चल. जनता बघतेय."

मी ते ओझं चार वर्षं वाहिलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

दादा स्वतः टेहळ्या होत. बुरुजाच्या टोकावर उभं राहून गलबत आधी त्यांना दिसायचं आणि पहिली हाक त्यांची. ती हाक ऐकून खाली खरेखुरे कोळी होडीतून वर बघत. वर्षभरातलं त्यांचं एवढंच काम, पण ते त्यासाठी महिनाभर आधी पान खाणं सोडत.

पाचव्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. तालमीच्या दिवशी ते अर्ध्या चढावर बसले, आणि मग सगळ्यांदेखत बसतच खाली आले.

त्याच संध्याकाळी बैठक झाली. आमचे अध्यक्ष आंब्याचे व्यापारी. दरवर्षी सेनापती तेच होत, कारण घोडा त्यांच्या ओळखीतला होता. ते प्रेमाने म्हणाले, "दादा, आता तुम्ही आमचे मार्गदर्शक. खाली मांडवात खुर्ची, शाल, हार. नुसतं बसायचं."

"कोण म्हणून बसू?" दादांनी विचारलं.

"कोण म्हणून काय? दादा घाग म्हणून."

"त्याचं तिथे काय काम?"

मी उठलो आणि वृद्धांना शोभेच्या वस्तू करणाऱ्या समाजाबद्दल बोलू लागलो, तर दादांनीच मला हाताने खाली बसवलं. "ओरडू नको रे. नियम माझाच हाय. चढ जमत नाय तो टेहळ्या नाय. मी दुसरा कोणतरी शोधतो. सापडला तर येतो, नायतर नाय येत."

रविवारी मी पालीला गेलो. दादा पडवीत बसून स्वतःची परीक्षा घेत होते, आणि नापास होत होते.

"लोहार बघितला. भात्याला दम पुरत नाय. जाळं विणणारा होईन म्हटलं, तर मी घाटाखालच्या डोंगरातला, मला जाळ्याची गाठ येत नाय. दाभोळचा कोणी बघायला आला तर हसेल."

"कारकून?"

"अक्षर बघितलंस माझं?" आतमध्ये काही आवाज नव्हता, रेडिओसुद्धा नाही. "राहू दे. गडावर प्रत्येकाला जागा असतेच असं नाय. काही माणसं आपापल्या घरीच असतील की."

हे त्यांनी इतक्या सरळ सुरात सांगितलं की मला एकही घोषणा आठवेना. मग मला माझी स्वतःचीच चार वर्षं आठवली. "दादा," मी म्हटलं, "मी तांदूळ वर नेतो, तो पुढे कोणी शिजवत नाही. लढाई संपते आणि सगळे मांडवात जाऊन शेवचिवड्याची पुडी फोडतात."

दादांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "चुलीवरचा माणूस," ते हळूच म्हणाले. "तो चूल सोडून हलत नाय." आणि लगेच करवादले, "मेल्या, मग चार वर्षं बोलला का नाहीस?"

जयंतीच्या दिवशी दरवाजाच्या आतल्या बाजूला तीन दगड मांडून दादांनी पहाटेच चूल पेटवली. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. टेहळ्या नवा होता, त्याची हाक खोकल्यासारखी आली. घोडा ओळखीतला असूनही सेनापतींना ओळखेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खाली गेले. चुलीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. धूर होतोय अशी एका बाईंनी तक्रार मात्र केली.

लढाईवाले परत फिरले तेव्हा दादांनी हाका मारायला सुरुवात केली. त्यांनीच ठेवलेल्या नावांनी. "रायाजी, आलास? बस. सोनू, हाताला लागलंय काय? आधी जेव. सरदार, तुम्हीपण टेका."

खेळ संपला होता. पण हे दादांना सांगायचं कोणी? एकेक जण दगडावर बसला. सेनापतीही तलवार मांडीखाली घेऊन बसले आणि दोनदा पिठी मागून घेतली. कोणी मिशी काढली नाही.

सगळे निघून गेल्यावर मी म्हटलं, "दादा, पालीची गाडी चुकेल."

"चुकू दे. रिकामीसुद्धा जाते ती." त्यांनी पळीने तळ ढवळला. "तू जेवलास काय? खोटं बोलू नको. बस."

मी बसलो. त्यांनी द्रोणात पेज वाढली आणि समोर उकिडवं बसता येईना म्हणून दगडाला टेकून बसले.

"बरी झालीय ना?"

"चांगली झालीय."

"मोठ्या टोपात बरी होते," दादा म्हणाले. "एकट्यापुरती केली की तळाला लागते."

मी द्रोण पुढे केला आणि आणखी मागितली.