सहा गाद्या आणि एक नोटीस

रतनसिंगला खोलीबाहेर काढायचं, असं मी एका रविवारी जेवल्यावर ठरवलं. (जेवल्यावर ठरवलं, ही पहिली चूक.)

मंगरूळपीरच्या आमच्या घरावर एक खोली आहे. ती रूपालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हातातल्या पाटल्या मोडून बांधली. भाड्यातून पुन्हा पाटल्या करायच्या, असा तिचा बेत. रतनसिंग तिथे गाद्या भरतो, आणि पाच महिने त्यानं भाडंच दिलेलं नाही. मी कचेरीत कारकून. लोकांना नोटिसा लिहिण्यात हयात गेली. 'आठ दिवसांत खोली खाली करावी' अशी झकास नोटीस लिहिली आणि वर गेलो.

वर कापूस पिंजणं चाललं होतं. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे पुंजके सावकाश तरंगत होते, यंत्र एका सुरात घुमत होतं. रतनसिंगनं नुकत्याच भरलेल्या गादीकडे बोट दाखवलं.

"बसून तर पाहा, साहेब. मंग काय बोलाचं ते बोला."

बसलो. बसलेला माणूस आडवा कधी होतो, ते त्यालाही कळत नाही. मी ढगावर बसून मेडशी गावाकडे निघालो होतो. खाली तुरीची पिवळी शेतं, आणि वर मला कोणी काही विचारत नव्हतं. इतका निवांतपणा मला लग्नानंतर प्रथमच मिळाला. जागा झालो तेव्हा दिवे लागले होते. बोलणी सुरू आहेत, असं रूपालीला सांगितलं.

पुढचे पाच रविवार बोलणी सुरूच राहिली. दर वेळी नवी गादी, तोच ढग, आणि नोटीस खिशात.

सातव्या रविवारी नोटीस माझ्या खिशातून काढून घेऊन रूपाली स्वतः वर गेली. मी तिच्या मागे (चार पायऱ्या सोडून) धीटपणे उभा राहिलो. रतनसिंग मुकाट्यानं सामान बांधू लागला.

"भाड्याले मी नाही म्हनत नाही, वयनी," तो म्हणाला. "पन साहेबानं झोपून झोपून सहा गाद्या दाबून टाकल्या. आता नवी म्हनून कोन घेईन? सहा महिन्याचं भाडं, सहा गाद्या. फिटलं."

रूपालीनं गाद्या पाहिल्या. प्रत्येकीत माझ्या आकाराचा खड्डा होता. तिचे मोकळे हात पाहून मला खरंच लाज वाटली.

"आता तुमीच राहा इथं," ती म्हणाली. "भाडं एक तारखेले."

मी आनंदानं राहिलो. महिनाभर ढगावरच होतो. दोन तारखेला दाराखालून एक कागद आत सरकला. अक्षर माझंच होतं, फक्त रतनसिंगचं नाव खोडून माझं घातलेलं. मी तो तीनदा वाचला, पण कुठे पळवाट सापडेना. मसुदा फारच पक्का केला होता मी.