गाडीचा खोकला आणि स्टुलाचा चौथा पाय

खटपट्याने एखादी वस्तू दुरुस्तीला घेतली की ती दुरुस्त तरी होते, नाहीतर घरातून कायमची जाते. मधला मार्ग त्याला ठाऊक नाही. विम्याच्या ऑफिसात दिवसभर फायली सरकवणारा हा माणूस घरी आला की पाना हातात घेतो आणि त्याने पाना घेतला की बायको डोकं धरते.

त्या रविवारी सकाळीच तो अंगणात बॉनेट उघडून उभा होता. गाडी जुनी. चढ लागला की आधी खोकायची, मग गचके द्यायची आणि शेवटी हटून बसायची. मागच्या आठवड्यात पाण्याच्या टाकीच्या चढावर ती अशी बसली की बायकोला आणि सासूबाईंना उतरून ढकलावी लागली. सासूबाईंनी ढकलली, पण एकाच हाताने. दुसऱ्या हाताने त्या कपाळ बडवत होत्या. घरी पोचताच बायकोने भंगारवाल्याला फोन लावला.

"रविवारी दुपारी येतोय तो," ती म्हणाली. "त्याच्या आधी मला टाकीपर्यंत एकही गचका न देता नेऊन आणलंत तर गाडी राहील. नाहीतर गेली समजा."

खरं सांगायचं तर त्या गाडीत खटपट्याचा जीव अडकला होता. आठवणी बिठवणी काही नाहीत हो. घरात त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच जागा होती, ती ड्रायव्हरची सीट. पलंगावर सासूबाई, सोफ्यावर इस्त्रीचे कपडे, खुर्चीवर बायकोची पर्स. संध्याकाळी तो गाडीत जाऊन नुसता बसायचा, किल्लीसुद्धा लावायचा नाही. तिथे त्याला कोणी काही विचारत नसे. ही जागा गेली तर बसायचं कुठे, हा विचार आठवडाभर त्याच्या मागे लागला होता.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून निदान मात्र झालं होतं.

"हवा जास्त होतेय आणि पेट्रोल कमी पडतंय," त्याने सासूबाईंना समजावलं. "पाण्यात नावाला दूध दाखवलेला चहा प्यायला तर माणसाला तरतरी येईल का?"

"तुम्ही करता तसा?" सासूबाईंनी विचारलं.

तिकडे त्याने दुर्लक्ष केलं. "म्हणून पेट्रोलचा दाब वाढवायचा. हे बघा." त्याच्या तळहातावर पेरूएवढा एक धातूचा डबा होता. त्यावर एक स्क्रू आणि दाब दाखवणारा काटा. "स्क्रू आवळला की दाब चढतो, सैल केला की उतरतो. इतकं सोपं आहे."

"जमणार आहे का नक्की?" बायको म्हणाली.

"ज्या हातांनी आईंचं स्टूल ठाकठीक केलं, त्या हातांना हे काय अवघड?"

स्टुलाचं त्याला बोलू द्या. त्याच्या हातून नीट झालेली ती एकमेव वस्तू. लोखंडी पायांचं स्टूल, त्याच्या एका पायाचं रबर हरवलेलं. सासूबाई त्यावर बसून भाजी निवडायच्या आणि बसल्या बसल्या डुलायच्या. काही महिन्यांपूर्वी याने कुठूनसं एक रबरी टोपण पैदा करून त्या पायात चढवलं आणि स्टूल दगडासारखं स्थिर झालं. "जावईबापूंच्या हातात कला आहे," असं सासूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या. ते कौतुक तो अजून पुरवून पुरवून खात होता.

तर त्याने डबा बसवला, नळ्या जोडल्या आणि गाडी सुरू केली. एका नळीची पट्टी आवळायची राहिली होती. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली ती थेट दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर. त्याने धावत जाऊन इंजिन बंद केलं, पट्टी आवळली, पण तोवर वास स्वयंपाकघरात पोचला होता.

"गॅस गळतोय," आतून सासूबाईंचा आवाज आला. "शेगडी बंद करा. खिडक्या उघडा. सगळे बाहेर व्हा."

आणि सगळ्यांच्या आधी त्या स्वतः बाहेर आल्या, काखेत स्टूल घेऊन.

"आई, गॅस नाही, पेट्रोल आहे," खटपट्या म्हणाला.

"म्हणजे फार बरं झालं," बायको म्हणाली आणि चादरी पुन्हा धुवायला घेऊन गेली. वास जाईपर्यंत आत पाऊल टाकणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं. स्वयंपाक अर्धाच राहिला. पोटात कावळे ओरडायला लागले आणि नेमका त्याच वेळी, ठरल्यापेक्षा बराच आधी, भंगारवाला येऊन ठेपला. दांडगा गडी. सासूबाईंनी त्याला आपलं स्टूल दिलं आणि स्वतः पायरीवर बसल्या.

"चालू द्या तुमचं," तो ऐसपैस बसत म्हणाला. "मला घाई नाही. ती चालली काय, न चालली काय, मी तशीही ढकलूनच नेतो."

खटपट्याने पुन्हा इंजिन सुरू केलं. स्क्रू आवळला. काटा चढला, गाडी खोकली. आणखी आवळला. काटा आणखी चढला, गाडी खोकतच होती. इंजिनातून फुस्स असा बारीक आवाजही येत होता. तो आवाज काही महिन्यांपासून येत होता, पण म्हातारी गाडी आहे, दम लागत असेल, म्हणून याने सोडून दिला होता. त्याने वैतागून स्क्रू पार टोकापर्यंत पिळला आणि त्या भरात पाना निसटून गाडीखाली गेला.

तो काढायला खटपट्या जमिनीवर आडवा झाला. समोर स्टुलाचे चार पाय होते. तीन पायांना झिजलेली तपकिरी रबरं. चौथ्याला जाड ओठाचं, काळं कुळकुळीत टोपण.

ते कुठूनसं आणलेलं टोपण कुठून आणलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं. याच इंजिनावरून! एका आखूड नळीच्या तोंडावर ते बसवलेलं होतं. नळीतून काही येत नाही, नळीत काही जात नाही, मग टोपण हवं कशाला, असा त्याने त्या दिवशी विचार केला होता. फुस्स आवाज त्याच नळीचा होता. इतके महिने गाडी त्या उघड्या भोकातून फुकटची हवा पीत होती.

सांगावं तर कला गेली, न सांगावं तर सीट गेली.

"काका, डिकी बघून घ्या की," तो भंगारवाल्याला गोड आवाजात म्हणाला. "आत जॅक आहे, लोखंडी."

भंगारवाला उठला आणि मागे जाऊन डिकीत वाकला. खटपट्याने स्टुलाचं टोपण ओढलं आणि पाठमोरा होऊन नळीवर दाबलं. फुस्स थांबलं. आता हवा बेताची झाली, पण स्क्रू टोकाला पिळलेला, म्हणजे पेट्रोल लोंढ्यासारखं येत होतं. गाडीने एक ढेकर दिला आणि मागून काळ्या धुराचा लोट सोडला. तो आधी भंगारवाल्याच्या तोंडावर आणि उरलासुरला बायकोने नुकत्याच पुन्हा वाळत घातलेल्या चादरींवर बसला.

गाडीचा खोकला आता भंगारवाल्याला लागला. खोकत खोकत तो स्टुलाकडे आला, दाणकन बसला, आणि स्टुलासकट आडवा झाला.

त्याला उठवायला सासूबाई धावल्या. तेवढ्यात खटपट्याने स्क्रू सैल केला. काटा उतरला, धूर विरला आणि गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली.

बायको हात पुसत आली आणि गाडीत बसली. टाकीचा चढ आला आणि गेला. गचका नाही, खोकला नाही. येताना जाताना ती एक शब्द बोलली नाही. तिच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट कोणाला मिळालेलं नाही.

"राहू दे गाडी," अंगणात उतरून ती म्हणाली. "चादरी मात्र तुम्ही धुवायच्या."

चादरीच काय, त्याने आनंदाने रस्ताही धुतला असता.

भंगारवाला नळावर तोंड धूत होता. "रिकाम्या हाताने कसा जाऊ? ते डुगडुगणारं स्टूल तरी द्या."

"हात लावू नका," सासूबाईंनी स्टूल पोटाशी धरलं. "बरं होतं हो इतके दिवस, आज कसं डुगडुगायला लागलं कोण जाणे. पण जावईबापू करतील नीट. त्यांच्या हातात कला आहे."

"आजच करतो," खटपट्या म्हणाला. आता दुसरं काय म्हणणार बिचारा?

आणि केलंही. चादरी धुऊन झाल्यावर संध्याकाळपर्यंत स्टूल पुन्हा दगडासारखं स्थिर झालं, पुन्हा कौतुक झालं, आणि खटपट्या तृप्त मनाने गाडीत जाऊन नुसता बसला.

सोमवारी सकाळी बायकोने कपडे धुवायचं मशीन सुरू केलं आणि वळून ओट्याशी गेली. मशीन एका पायाने लंगडत, धडधडत तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात चालत आलं.